महूची एम-ट्वेंटी घ्यावी का?

प्रश्न विचारणारे इंदूरचे, सुदामानगरात राहणारे, वय चौतीस, नोकरी संगणकाची. इंदूरजवळच्या महूला एका जुन्या घराच्या ओसरीत बीएसए एम-२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल उभी आहे. घरचे सांगतात, १९४२ची आहे, आजोबांनी घेतली होती, इंजिन जाम नाही, पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत चालत होती आणि ‘कागद बनून जातील’. मागणी सव्वादोन लाखांची. यांनी स्वतःच्या बुलेटचं ऑइल आणि क्लच प्लेटा घरीच बदलल्या आहेत, त्यापुढचा अनुभव नाही. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: गाडी घेण्यासारखी आहे का, आणि ती स्वतः उघडून नीट करता येईल का?

दुसरं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. येईल. एम-२० हे शिकण्यासाठी फार चांगलं यंत्र आहे. ४९६ सीसीचं एक सिलिंडर, आणि व्हॉल्व्ह डोक्यावर नसून सिलिंडरच्या बगलेत. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढले की व्हॉल्व्ह, पिस्टन सगळं समोर. वर रॉकर नाहीत, पुशरॉड नाहीत. दुसऱ्या महायुद्धात या गाड्या सव्वा लाखाच्या वर बनल्या, आणि रस्त्याच्या कडेला बसून साध्या शिपायाला दुरुस्त करता यावी असाच त्यांचा आराखडा होता. वेग मात्र मागू नका. साठ-पासष्टच्या वर ती स्वतःही खूश नसते आणि ब्रेक तर अजिबातच नसतात.

खरी गोम पहिल्या प्रश्नात आहे. तुम्ही विचारताय गाडी चांगली आहे का. मी विचारीन, गाडी पूर्ण आहे का. पीथमपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, आणि १९९४ पासून घराच्या मागच्या पडवीत पाच ब्रिटिश गाड्या उभ्या केल्या. त्या अनुभवावर सांगतो: इंदूरमध्ये झिजलेलं जवळजवळ सगळं नीट होतं. सिलिंडर बोअर होतो, स्लीव्ह बसते, बुश नवे काढता येतात, शाफ्टवर मेटल चढवून ग्राइंडिंग होतं. सांवेर रोड आणि पोलोग्राउंडच्या बाजूला हे करणारे कितीतरी हात आहेत. पण जे गाडीवर नाहीच, ते कोण नीट करणार? ठिणगी बनवणाऱ्या मॅग्नेटोचं टोकाचं झाकण, ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा (अॅडव्हान्स-रिटार्डचा) हँडलवरचा लिव्हर, व्हॉल्व्ह लिफ्टरचा दांडा, ऑइल टाकीचं मूळ झाकण, गिअरबॉक्स घट्ट करायचा खास बोल्ट. किमतीने किरकोळ दिसणाऱ्या या वस्तूंसाठी परदेशातून मागवणं, कस्टम भरणं आणि आल्यावर ‘हे तर दुसऱ्याच मॉडेलचं’ असं कळणं, यात वर्षं जातात.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. दुसरी गाडी घेतली ती मॅचलेस जी-३एल, देवासच्या बाजूची. लालभडक रंग, टाकीवर सोनेरी रेघा, क्रोम असं की त्यात दाढी करावी. एका किकमध्ये चालू. मी त्याच संध्याकाळी पैसे दिले. घरी आणून खाली वाकून बघतो तर गिअरबॉक्स बुलेटची! तिची मूळ बर्मन कंपनीची गिअरबॉक्स कधीतरी बिघडली असणार. कुणीतरी फ्रेमवर पट्ट्या वेल्ड करून बुलेटची बसवली होती. कार्ब्युरेटरही बुलेटचंच. मूळ गिअरबॉक्स मिळायला मला चार वर्षं लागली, आणि त्या पट्ट्या कापून फ्रेम सरळ करायचं काम वेगळं. त्याच सुमाराला माझ्या एका मित्राने मळकट, गंजकी, पण सगळे अवयव जागेवर असलेली नॉर्टन १६-एच घेतली, लोक हसले. त्याची आठ महिन्यांत रस्त्यावर होती.

तेव्हा महूला जाताना एक टॉर्च, एक साधं लोहचुंबक, जुन्या कापडाचा तुकडा आणि थोडं रॉकेल न्या. चुंबक टाकीवर आणि मडगार्डवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुटी आहे, म्हणजे पत्रा सडलेला किंवा चेपलेला आहे. बोल्टांची डोकी बघा. एखाद्या जागी नवा चकचकीत मेट्रिक बोल्ट दिसला तर त्या जागेचे आटे बहुधा गेलेले आहेत. सिलिंडरच्या फिन मोजा; एक-दोन तुटलेल्या चालतात, व्हॉल्व्हच्या बाजूच्या तीन-चार गेल्या असतील तर तिथे कधीतरी हातोडा चालला आहे.

आणि घरच्यांना एक विनंती करा: किक मारून दाखवू नका. पाच-सहा वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडर कोरडा असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढा, भोकातून थोडं ऑइल सोडा, अर्धा तास चहा प्या, मग गाडी स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळू फिरवा. खरखर न करता एकसारखं फिरलं पाहिजे. एका जागी अडून मग सुटतं का, पुढेमागे हलवताना आतून ‘टक्’ असा जाड आवाज येतो का, ते ऐका. तसा आवाज आला तर बिग-एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, संशयित. त्याने घाबरू नका, किमतीत धरा.

मॅग्नेटोची परीक्षा मात्र उभ्या गाडीवर होत नाही, आणि दगा तोच देतो. एम-२०ला लुकासचा मॅग्डायनो असतो: खाली मॅग्नेटो, त्याच्या पाठीवर पट्ट्याने बांधलेला डायनॅमो. मॅग्नेटो स्वतःच ठिणगी बनवतो, त्याला बॅटरी लागत नाही. पण त्याच्या आर्मेचरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या गुंडाळीच्या, तारांवर त्या काळी शेलॅक (लाखेचा थर) असे, आणि कंडेन्सरही आतच बसवलेला. इंजिन तापलं की शेलॅक मऊ होतं, कंडेन्सर गळू लागतो आणि ठिणगी नाहीशी होते. अर्ध्या तासाने थंड झालं की गाडी पुन्हा मुकाट्याने चालू! माणसं मग कार्ब्युरेटर साफ करत बसतात. म्हणून चालू गाडी घेताना ती नेहमी वीसेक मिनिटं पळवावी, बंद करावी आणि तापलेलीच पुन्हा चालू करून बघावी. तुमची गाडी बंद आहे, तेव्हा मॅग्नेटो गेलाच आहे, रिवाइंडिंग आणि नवा कंडेन्सर लागणारच, असं धरून बोलणी करा. चांगला निघाला तर तुमचं नशीब.

आता कागद. ‘बनून जातील’ हे वाक्य ऐकलं की मी उठतो. गाडीच्या नावावर जुनं नोंदणीपुस्तक (आरसी) आहे का? असल्यास त्यातला इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या ठशाशी अक्षरन् अक्षर जुळतो का? ठशावरचा रंग रॉकेलच्या कापडाने पुसा, खरडू नका. ठसे एकसारखे, खोल आणि आजूबाजूचा धातू अस्पर्श हवा. घासलेल्या सपाट जागेवर नवे ठसे दिसले तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. १९४२च्या सुमाराच्या एम-२०च्या नंबराआधी ‘डब्ल्यूएम२०’ अशी खूण असते. ती नसली तर फसवणूकच आहे असं नाही. घराघरांत प्रत्येक जुनी गाडी १९४२ची असते. युद्ध संपल्यावर सैन्याने मोडीत काढलेल्या गाड्या पुढे नागरी नोंदणीत आल्या, त्यामुळे पुस्तकावरचं वर्ष आणि गाडी बनल्याचं वर्ष वेगळं निघतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यापायी चांगली गाडी सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. इंजिन आणि चेसिसचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून एम-२० नाकारू नका. बीएसएच्या त्या काळच्या गाड्यांवर हे दोन नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे निघत. ट्रायम्फचं पुढच्या काळात निराळं होतं, तिथे ते जुळावे लागतात. तुम्हाला जुळवायचे आहेत ते पुस्तकाशी.

मूळ मालक, म्हणजे आजोबा, गेलेले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर आली पाहिजे; त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. नोंदणीची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा फॉर्म २५ वेगळा. हे विकणाऱ्याकडून करून घ्या आणि पैशाचा मोठा हिस्सा तोवर हातात ठेवा. विकत घेतल्यावर सगळ्या चुलतभावांच्या सह्या गोळा करणं हा स्वतंत्र छंद आहे, मला तो नाही.

२०२१च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, ते इथे कामाचे आहेत. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवायची असेल तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी नोंदणी केल्यावर गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. रविवारी सकाळी पोह्यांसाठी राजवाड्यापर्यंत जायचं स्वप्न असेल तर जुनं पुस्तक जिवंत ठेवणं केव्हाही बरं. माझ्या त्या मॅचलेसच्या वेल्ड केलेल्या पट्ट्या आठवा. तसली गाडी आज या नियमात बसवणं मुश्कील.

समजा कागद ठीक निघाले, गाडी घरी आली. पुढचं तुमच्या परिस्थितीवर आहे. खाली जमिनीवर, कुलूप लागणारी, पावसाचं पाणी न येणारी जागा हवी. वरच्या मजल्याच्या बाल्कनीत हे होत नाही. आठवड्याला पाच-सहा तास हवेत, आणि खरेदीइतकीच रक्कम पुढच्या दोन-तीन वर्षांत खर्चायची तयारी हवी. माझ्या पाचांपैकी एकीवरही त्याहून कमी गेलेली नाही. यातलं एक जरी नसेल तर थांबा.

सगळं असेल तर माझं एकच सांगणं: लगेच गाडी उघडू नका. पहिल्या गाडीच्या वेळी, तीही एम-२०च होती, मी एका रविवारी सकाळी सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत अख्खी गाडी बिस्किटांच्या डब्यांत घातली. डब्यांवर काही लिहिलं नाही, सगळं लक्षात राहील असं वाटलं. अडीच वर्षं ती डब्यांतच होती. आई पाहुण्यांना सांगायची, ‘याची मोटरसायकल पलंगाखाली आहे.’

तर आधी आहे तशीच चालू करायची. ऑइल टाकीतलं जुनं ऑइल काढा आणि क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचा, तळाचा प्लगही काढा. या गाड्यांत ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि उभ्या गाडीत ते पंपातून झिरपत झिरपत खाली क्रँककेसमध्ये जमतं. तसंच किक माराल तर धूर अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत जाईल. नवं ऑइल साधं एकाच ग्रेडचं, एसएई ४० किंवा ५०. आधुनिक डिटर्जंट ऑइल जुन्या इंजिनात साचलेला गाळ सोडवून तो नेमका नको तिथे नेतं. इंजिन पूर्ण उघडून धुतलं की मग काय ते घाला. पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारा, गंज असेल तर धुऊन घ्या. पेट्रोलची नळी नवी आणि इथेनॉलला टिकणारी घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, आणि ते पाणीही ओढून घेतं. म्हणून महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं ठेवायची सवय लावा. मूळ अमाल कार्ब्युरेटर फारच झिजलं असेल तर तात्पुरतं बुलेटचं बसवायला माझी हरकत नाही, मूळचं मात्र फडक्यात गुंडाळून जपून ठेवा.

मॅग्नेटोच्या पॉइंटचा गॅप ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. चालू करताना इग्निशनचा लिव्हर थोडा रिटार्ड करा. पूर्ण अॅडव्हान्सवर किक माराल तर ती उलटी येते; माझ्या उजव्या पोटरीला याची आठवण आहे. चालू झाल्या झाल्या ऑइल टाकीचं झाकण उघडून आत बघा, परतीच्या नळीतून ऑइल उडताना दिसलं पाहिजे. मिनिटभरात दिसलं नाही तर बंद करा.

चालली, की दोन महिने जवळपास फिरवा आणि वहीत लिहीत जा: कुठे गळते, कोणता गिअर सुटतो, कुठून आवाज येतो. पत्र्याचं चेनकव्हर गळतं, ते गळणारच, वहीची जागा त्यावर घालवू नका. मग एका वेळी एकच भाग काढायचा, नीट करायचा, बसवायचा, पुन्हा चालवायची. दिवे आणि वायरिंग त्यानंतर, कारण इंजिनाला त्यांची गरज नाही. तिथे एवढंच लक्षात ठेवा की सहा व्होल्टची व्यवस्था आहे आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांत अर्थ, म्हणजे फ्रेमला जोडलेली बाजू, पॉझिटिव्हही असू शकते. सवयीने निगेटिव्ह फ्रेमला लावण्याआधी वायरिंग तपासा. रंग सगळ्यांत शेवटी, किंवा कधीच नाही. आपल्याकडे एम-२० दिसली की काळा रंग आणि सोनेरी रेघा मारायची जी खोड आहे, तिच्याखाली सैन्याचे किती मूळ रंग गेले कोण जाणे.

पान्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस सर्वांत जास्त नुकसान तिथे करतो. तुमच्या पेटीतले मिमीचे पाने या गाडीवर वापरू नका. हिला जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, व्हिटवर्थ पाने लागतात, आणि त्या पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या डोक्याचा नसून आट्यांच्या जाडीचा असतो. पाव इंची, आपल्या भाषेत दोन सुती, व्हिटवर्थ पान्याचं तोंड प्रत्यक्षात १३.३ मिमी भरतं. म्हणजे १३चा पाना बसत नाही आणि १४चा बसतो, पण फिरतो आणि कोपरे खाऊन टाकतो. सियागंजात इंची पान्यांचे सेट मिळतात, जुने मिळाले तर अधिक चांगले. पाच-सहा मापांत बहुतेक गाडी उघडते.

आट्यांची गोष्ट आणखी फसवी. या गाडीवर बरेच बोल्ट सायकल आट्यांचे आहेत, इंचात २६ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.९७७ मिमी. आता अडीच सुती, ७.९४ मिमीच्या बोल्टवर ८ मिमीचा बारीक, १ मिमी पिचचा नट लावून बघा. दोन-तीन फेरे मजेत जातो, जरा सैलच वाटतो, मग अडकतो. माणसाला वाटतं गंज आहे, आणि तो पान्याला पाइप लावतो. मी टूलरूमचा माणूस, पण हेच केलं, तेही थेट क्रँककेसच्या अॅल्युमिनियममध्ये मेट्रिक टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून. नंतर भोक मोठं करून बुश बसवावं लागलं. अडलेला नट नेहमी उलटा फिरवून काढा, पिच गेज लावा, मग ठरवा. पिच गेज ही या छंदातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू.

सिलिंडर बोअर करायची वेळ आली तर पिस्टन आधी मागवा, बोअर नंतर. आणि मशीनवाल्यासमोर उभे राहा. ‘भिया, बुलेट जैसा ही रखेंगे’ असं तो म्हणेल, तेव्हा नाही म्हणा. साइड व्हॉल्व्ह इंजिनात एक्झॉस्टचा रस्ता सिलिंडरच्या एका बाजूलाच असतो, म्हणून ती बाजू जास्त तापते आणि सिलिंडर थोडा वाकडा फुगतो. तेवढी जागा पिस्टनला ठेवावी लागते. पिस्टनसोबतच्या कागदावर असेल तोच क्लिअरन्स, म्हणजे तेवढीच फट, द्यायला लावा. माझी एक गाडी सिमरोलच्या घाटात चढावर जाम झाली ती याच ‘बुलेट जैसा’ने.

महूची गाडी जमली नाही तर एक पर्याय. पन्नासच्या दशकाच्या मध्यात मद्रासला बुलेट बनू लागली ती रेडिचच्याच, म्हणजे रॉयल एनफील्डच्या इंग्लंडमधल्या कारखान्याच्याच, आराखड्यावर. साठ-सत्तरच्या दशकातली बुलेट घेतलीत तर आटे, पाने, उजव्या पायाचा गिअर, सगळं ब्रिटिशच शिकाल, आणि सुटे भाग मात्र कुठेही मिळतील. माझ्याकडे येणाऱ्या नवख्यांपैकी निम्म्यांना मी हेच सुचवतो. तुम्हाला लगेच सुचवलं नाही, कारण एकाच घरात इतकी वर्षं राहिलेली, कुणी न सजवलेली एम-२० सारखी समोर येत नाही.

सव्वादोन लाखांचं म्हणाल तर, पुस्तक वारसाच्या नावावर आणि मॅग्डायनो, कार्ब्युरेटर, गिअरबॉक्स मूळचे जागेवर असतील तर थोडी घासाघीस करून मी घेईन. पुस्तक नसेल तर निम्म्यातही नाही. शनिवारी जाणार असाल तर सकाळी जा, उजेड असतो आणि घरातली थोरली मंडळी भेटतात. त्यांना विचारा, गाडीचं काही सामान माळ्यावर आहे का. माझ्या तिसऱ्या गाडीचा मूळ हेडलाइट असाच सापडला होता, त्यात त्या आजी वाती ठेवत असत.